पत्ता लिहिलेली पेटी

वैदेहीने पेंढा बाजूला केला तर खाली अण्णांची टोपी नव्हती, आंबा होता. हिरवा, टणक, देठाशी चिकाचा वाळका ठिपका असलेला. तिने आणखी खाली हात घातला. दुसरा आंबा. त्याच्या शेजारी आणखी एक, मध्ये पेंढ्याची गादी, अगदी घालायची तशी, तिच्याच हातांनी घातलेली. दुसऱ्या हातात कापराची डबी तशीच राहिली. त्या डबीसाठी तर तिने खिळे उचकटून वरची फळी काढली होती. ती ठेवायची राहून गेली होती, एवढंच. आणि आता आतून आंबे तिच्याकडे बघत होते, परक्याच्या घराचं दार चुकून ढकललं की आतली माणसं जेवता जेवता थांबून बघतात ना, तसे. आपण पेटी चुकलो, तिला वाटलं. मग लगेच वाटलं, चुकायला दुसरी पेटी आहे कुठे? ओटीवर एकच पेटी आहे. दोन होत्या. परवापर्यंत दोन होत्या.

घर रिकामं व्हायला लागलं की आवाज मोठे होतात हे तिला या आठवड्यात कळलं होतं. चमचा पडला तरी घर दचकायचं. आतल्या खोलीत आई चादरीत भांडी बांधत होती आणि गाणं गुणगुणत होती, आणि ते गुणगुणणं भिंतींना आपटून ओटीपर्यंत येत होतं, नको तितकं स्पष्ट. आई खूश होती. हे कुणी बोलत नव्हतं, पण होतं. जिने वर्षानुवर्षं सासऱ्याचं, म्हणजे अण्णांचं, पथ्य, सासऱ्याची औषधं, सासऱ्याचा पहाटेचा चहा यांच्या मागेपुढे स्वतःचा दिवस घडी घालून ठेवला, ती आता एकेक वस्तू घराबाहेर काढताना उंच होत चालली होती. विळी शेजारच्या सगुणाकाकूंना. पाटा-वरवंटा त्यांनाच, तो उचलायला दोघीजणी. घंगाळ मोडीत. अण्णांची खाट मोडीत. "अडगळ गो सगळी," आई म्हणायची आणि हात झटकायची, आणि वैदेहीला वाटायचं, ही हात झटकते तेव्हा नेमकं काय खाली पडतं?

बाबांनी फोनवर एक नियम घालून दिला होता, एक माणूस एक पेटी. बाबांना नोकरीमुळे बदलापूरला राहून इतकी वर्षं झाली होती की रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या या घरात ते गणपतीला यायचे तेव्हा टॉवेल कुठे ठेवलाय हे विचारायचे. तिथली जागा म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. अण्णा होते तोवर तिघंजण इकडे आणि बाबा तिकडे असं चाललं. अण्णा पौषात गेले. मग चैत्र लागायच्या आत घर, अंगण आणि मागची कलमं हे सगळं एका बिल्डरच्या नावावर झालं, फक्त यंदाचा आंबा तेवढा आपला, असं ठरलं. वैदेहीची दहावीची परीक्षा संपली होती. अकरावी तिकडे. "कसं सुटसुटीत झालं," असं जो येईल तो म्हणायचा. सुटसुटीत. जणू अण्णा म्हणजे दोरीला बसलेली एक गाठ होते.

एक माणूस, एक पेटी, हे ऐकून तिला आधी मजाच वाटली होती. खरं सांगायचं तर जोर चढला होता. मागच्याच वर्षी ती वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिला जगाचा एक नवाच कोपरा सापडला होता, जिथे आपण उभं राहायचं, मान वर करायची, आणि लोकांनी ऐकायचं. तोवर वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज फाटायचा. आता तिला वाटायचं, काय वाट्टेल ते सोडून देऊ शकते मी. तिने कप सोडला. हो, तो जिल्ह्याचा कप, पितळी कान असलेला. भंगारवाल्याच्या हातगाडीवर तिने स्वतः तो घंगाळात ठेवला तेव्हा आई म्हणाली, "अगो, वेड लागलं का? कप कुणी देतं?" "मला बोलता येतं, ते दाखवायला कप कशाला हवाय?" ती म्हणाली होती, आणि ते वाक्य तिचं तिलाच इतकं आवडलं होतं की दिवसभर ती तरंगत होती. मग चित्रांच्या वह्या गेल्या. मग भातुकली, शिंपल्यांची बरणी, मैत्रिणींनी सह्या केलेला शाळेचा पांढरा शर्ट. ज्याला ज्याला तिचं म्हणता आलं असतं ते सगळं तिने राजासारखं वाटून टाकलं, कारण पेटी एक होती आणि तिला तीत अण्णा भरायचे होते.

पेटी भरायला तिला अण्णांनीच शिकवलं होतं. दुसरं काही भरायला ती शिकलीच नव्हती. खाली पेंढा, मग फळ, मग पेंढा. फळ फळाला टेकता कामा नये. "टेकलं की कुजलं," अण्णा म्हणायचे. आणि भरून झाली की कानाशी धरून हलवायची. "वाजली तर परत काढ. वाजली म्हणजे आत कोणीतरी एकटं फिरतंय." मे महिन्यात घरातून दुसरं काही ऐकूच यायचं नाही, नुसतं पेंढ्याचं सळसळणं आणि खिळ्यांवर हातोडी. त्यामुळे तिने अण्णांनाही तसंच भरलं. खाली पेंढा. त्यात अडकित्ता. पेंढा. मग झेल्याची जाळी, त्यांनी स्वतः विणलेली, जिच्यातून आंबा अलगद खाली यायचा. मग मफलर, जो रत्नागिरीच्या उकाड्यातही ते डिसेंबरभर कानाला गुंडाळून बसायचे आणि म्हणायचे, यंदा कडक आहे हो थंडी. मग ट्रान्झिस्टर. खोबरेलाची बाटली, अर्धी. चष्म्याचं घर. स्टीलच्या लहान डब्यात कवळी. कवळी बघून आई किंचाळली होती, "शी! माणूस गेल्यावर दात ठेवतात होय घरात?" पण अण्णांचं हसू त्या डब्यात होतं त्याला वैदेही काय करणार? सगळ्यात वर काळी टोपी, आणि टोपीवर पेंढा. कानाशी धरून हलवली. वाजली नाही.

पेट्या अण्णांनी गेल्या दिवाळीनंतरच ठोकून ठेवल्या होत्या. दर वर्षी ते आधी ठोकायचे आणि त्यातल्या एकीवर, फक्त एकीवर, ब्रश घेऊन निळ्या रंगात पत्ता घालायचे, मृणालीआत्याचा, डोंबिवलीचा. यंदा त्यांनी दोन पेट्यांवर घातला. आधी घातलाय हे विसरले. तेव्हापासूनच त्यांचं असं सुरू झालं होतं. दोनदा आंघोळ, दोनदा देवपूजा, चहा घेऊन झाल्यावर चहा कुठेय. "अण्णा, ही तर दुसरी," ती म्हणाली होती. त्यांनी पेटीकडे बघितलं, ब्रशकडे बघितलं, आणि ब्रश पाण्यात बुडवून नुसते ढवळत बसले. तो निळा पाण्यात कसा पसरला ते तिला अजून दिसत होतं. बाकीच्या पेट्या आंब्याबरोबर वाटेला लागल्या. शेवटी पत्त्याच्या दोनच उरल्या, म्हणून एकीत तिने आत्याचे आंबे भरले आणि दुसरीत अण्णा, आणि दुसरीची पत्त्याची बाजू भिंतीकडे करून ठेवली. खरवडू नंतर, म्हणाली. मग परवा ती शाळा सोडल्याचा दाखला आणायला शाळेत गेली.

"आई," तिने हाक मारली. आवाज फाटला. "आत्याची पेटी बाबल्याकाकांनी कुठली नेलीन?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "कुठली म्हणजे? ओटीवरची, पत्ता असलेली ने, म्हणून सांगितलं मी. झाडताना पेट्या इकडच्या तिकडे झाल्या असतील. परत उघडलीस ती? टेम्पो येईल एवढ्यात..." मग आईने वाकून पेटीत बघितलं. बघत राहिली. "अगोबाई," एवढंच म्हणाली, पण फार हळू, जसं कुणी झोपलंय.

बाबल्या टेम्पोवाला. पलीकडच्या वाडीतला, पन्नाशीचा, गावातल्या निम्म्या लोकांच्या पेट्या मुंबईच्या गाडीवर चढवणारा. फोनवर तो आधी हसलाच. "बाय, मी पत्ता वाचला नि नेली. माझी काय चूक?"

"दोन्हीवर पत्ता होता, काका!"

"मग दोनी कशी नेऊ? आई बोलली एक. अण्णांची तिकडं दरसाल एकच जाते, म्हायत नाय काय मला?" मग जरा थांबून म्हणाला, "उचलताना हलकी लागली, खरं सांगतो. म्हटलं, यंदा अण्णा नाय तर पेटीत दम नाय. काय होतं गो आत?"

तिने फोन ठेवला. काय होतं गो आत. समजा तिने सांगितलं असतं, अण्णा होते, तर तो पुन्हा हसला असता, आणि त्याचं काही चुकलं नसतं.

आत्या. तिला ती फोटोतच ठाऊक. दोन वेण्या, भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत उभी, डोळे उन्हाने बारीक झालेले. बाकी सगळं कानावर आलेलं, तेही तुकड्यांत, कारण घरात तिचं नाव आलं की अण्णा उठून मागे कलमांत जायचे. आजी गेली तेव्हा वैदेही पाळण्यात होती. श्रावणातला धो धो पाऊस, आत्या मुंबईहून निघालेली, आणि दरड कोसळली म्हणून गाडी मध्येच उभी. अण्णांनी वाट बघितली नाही. कुणी म्हणतं, लोक खोळंबले होते. कुणी म्हणतं, स्मशानाच्या वाटेवर पाणी चढत होतं. कुणी म्हणतं, अण्णांना कुणाची वाट बघताच यायची नाही, स्वभावच तो. आत्या पोचली तेव्हा पुरुषमाणसं आंघोळी करून अंगणात बसलेली. ती ओलीचिंब, हातात पिशवी, दारातूनच परत फिरली. उंबऱ्याच्या आत आलीच नाही. आणि पुढल्या मे महिन्यापासून अण्णांनी तिला पेटी पाठवायला सुरुवात केली. चिठ्ठी नाही, फोन नाही. पेटी. कोपऱ्यातल्या एका कलमाचा आंबा ते घरात कुणाला तोडू द्यायचे नाहीत. लहानपणी वैदेहीने एकदा तोडला, तर ज्या अण्णांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता ते इतके ओरडले की तिने घाबरून तो आंबा तिथेच टाकला. तिकडून कधीच काही आलं नाही. मिळाली नाही, पोचली नाही, गोड होते, आंबट होते, काहीच नाही. पौषात बाबांनी कळवलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझी वाट बघू नका." बाबांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

त्या बाईकडे गेले अण्णा. ज्या बाईला नको होते तिच्याकडे. ट्रकमध्ये रात्रभर हादरत, कुणाच्या कुणाच्या पेट्यांखाली.

"तूच कर फोन," आई म्हणाली. नंबर तिने कुठल्याशा जुन्या आहेराच्या पाकिटावरून शोधून काढला. "मी काय बोलू तिच्याशी? तुला बोलता येतं. जिल्ह्यात पहिली ना?" आई टोमणा मारत नव्हती, हेच वाईट होतं. आई खरंच मागत होती.

वैदेही मागच्या दारी गेली. कलमं गप्प उभी होती. वारा नव्हता. दुपार मानेवर ओल्या फडक्यासारखी पडलेली. तिने मनात भाषण जुळवलं. आत्या, आपली ओळख नाही. आत्या, एक चूक झाली आहे. तुमचे आंबे इथे आहेत आणि माझी पेटी तिथे आहे, आणि तिच्यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. ‘काहीच’वर जोर. मग थोडी थांबेन. तिने मान वर केली, अगदी व्यासपीठावर करते तशी, आणि फोन लावला.

"कोण?" आवाज अण्णांचा होता. म्हणजे बाईचा होता, पण त्यातली ती खरखर, प्रश्न विचारताना शेवटी खाली जायची ती पद्धत. वैदेहीची मान आपोआप खाली आली.

"मी वैदेही."

"हेमावहिनीची?"

"अण्णांची," ती म्हणाली. तिला असं म्हणायचं नव्हतं.

पलीकडे पंखा फिरत असावा. त्याचाच आवाज येत राहिला. मग आत्या म्हणाली, "पेटी मिळाली."

"आत्या, ती पेटी..."

"मी उघडायचे नाही गो. एकदाही उघडली नाही." आत्या तिच्याशी बोलत नव्हती, कुठेतरी बोलत होती आणि फोन मध्ये आला होता. "खालच्या खाली वॉचमनला द्यायचे. आमचे हे म्हणायचे, निदान एक फोड तोंडात घाल. म्हटलं, नाही. तो वासच घरात नको. वॉचमनची पोरं मोठी झाली त्या आंब्यांवर. यंदा म्हटलं, सुटलो, आता कोण पाठवणार? आणि काल बघते तर दारात. नाव त्यांच्याच हातचं, ‘मृ’ला तसंच लांब शेपूट. माणूस गेलं आणि पेटी आली. जेवणं आटपल्यावर तिच्यासमोर बसले जमिनीवर. सुरीने उघडली फळी."

वैदेहीला दिसलं. सुरी, फळी, पेंढा. पेंढ्याखाली टोपी.

"कवळी कधी बसवलीन गो त्यांनी?"

"मी चौथीत होते तेव्हा."

"माझ्या वेळी दात होते," आत्या म्हणाली. "सगळे. ऊस दातांनी सोलून द्यायचे मला." मग एकदम, कोरड्या, घाईच्या आवाजात, "एक विचारते, खरं सांग. ती त्यांनीच भरून ठेवली होती का? माझ्यासाठी म्हणून?"

भाषण तिच्या तोंडाशी तयार होतं. नाही, हा एकच शब्द पुरला असता. नाही आत्या, ती माझी आहे, तुम्ही दारातून परत गेलात, मी राहिले, त्यांचे पाय मी चेपले, दुसऱ्यांदा आंघोळीला निघाले की हात धरून मी बसवलं, तुम्ही आंबे वॉचमनला दिलेत. सगळं खरं. सगळं मुद्देसूद. टाळ्या पडल्या असत्या. कोपऱ्यातल्या कलमाखाली पाचोळ्यात एक आंबा पडला होता, एका बाजूने काळा पडलेला, त्यावर मुंग्या. ती मुंग्यांकडे बघत राहिली. हो म्हणणं खोटं होतं. आणि नाही म्हटलं तर त्या आवाजाचं, त्या खरखरीचं काय झालं असतं हे तिला ऐकायचं नव्हतं. अण्णांनी ब्रश पाण्यात ढवळला होता तेव्हा जसं तिला तिथे उभं राहवलं नव्हतं, तसंच.

"पेंढा मी घातला," ती म्हणाली. "पत्ता त्यांनी. दिवाळीनंतर." आणि मग, कारण तेही खरंच होतं, "दोनदा घातलान. दोन पेट्यांवर."

"दोनदा?"

"हो."

पलीकडून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. जिना चढून आलेलं माणूस टेकतं तेव्हा येतो तसा होता. वैदेहीने फोन कानापासून थोडा लांब धरला. काही वेळाने आत्या पुन्हा बोलली तेव्हा आवाज तिचा स्वतःचा झाला होता, कुठल्याही बाईचा, जरा थकलेला. "आवरताय ना घर? कळलं मला. गडबडीत तुझं काही गेलं नाही ना गो यात? असलं तर सांग. पाठवते लगेच."

वैदेहीने मनातल्या मनात पेटी पुन्हा उघडली. टोपी उचलली. कवळी, चष्म्याचं घर, बाटली, ट्रान्झिस्टर, मफलर, जाळी, अडकित्ता. पार तळाच्या पेंढ्यापर्यंत गेली. मग भंगारवाल्याची हातगाडी आठवली, घंगाळ आणि त्यात आडवा पडलेला कप, आणि वळणावर गाडी उसळली तेव्हा तो वाजला होता तो आवाज.

"नाही," ती म्हणाली. "माझं काहीच नाही त्यात."

ओटीवर आली तेव्हा टेम्पो दारात लागला होता. बाबल्या मान खाली घालून गाद्या चढवत होता, एरवी बोलायचं थांबत नाही तो. आई पेटीशी उकिडवी बसली होती. तिने विस्कटलेला पेंढा पुन्हा नीट लावला होता, प्रत्येक आंब्याच्या बाजूने बोटाने चेपून. आईला पेटी भरता येते हे वैदेहीला माहीतच नव्हतं.

"काय म्हणाली?"

"मिळाली म्हणाली."

"परत पाठवणार?"

"आंबे छान होते म्हणाली."

आईने तिच्याकडे बघितलं. मग पेटीतल्या आंब्यांकडे. गुणगुणणं थांबून किती वेळ झाला होता कोण जाणे. "ती कापराची डबी ठेवायची होती ना तुला?" आईने विचारलं. वैदेहीने मुठीतली डबी उघडली. आत कापूर नव्हता. तो कधीच उडून गेला होता, नुसता वास राहिला होता. "नको," ती म्हणाली, "आंब्याला लागेल." आणि डबी पुन्हा मुठीत बंद केली. आईने फळी बसवली आणि तिच्या हातात हातोडी दिली. खिळे ठोकताना रिकाम्या घरात एवढा आवाज झाला की बाबल्याने मागे वळून बघितलं.

"बाय, ही तुझी होय? वर ठेवू का खाली?"

"वर," ती म्हणाली. पत्त्याची बाजू बाहेर आली होती. डोंबिवली, निळ्या अक्षरात. खरवडायला आता वेळ नव्हता.

टेम्पो वाडीतून बाहेर पडून हमरस्त्याला लागला तेव्हा आई पुढे बाबल्याच्या शेजारी होती आणि वैदेही हट्टाने मागे, गाद्यांना टेकून, मांडीशी पेटी घेऊन. बदलापूरला पोचल्यावर पेटी खाटेखाली जाईल, चार दिवसांत आंबे पिकतील आणि त्या एका खोलीत वासाला जायला जागा उरणार नाही. मग ते खाऊन संपतील. मग पेटी रिकामी, आणि ती बाहेर ठेवायला तिथे ओटीही नाही. वळणावर घर दिसेनासं झालं. ती खाली वाकली आणि दोन फळ्यांच्या फटीला नाक लावलं, घट्ट, गाल लाकडाला घासेपर्यंत.

आंबे हिरवे होते. अजून कसलाच वास येत नव्हता.